नियम नंबराला लावा

राजापूरपासून आत दहा-बारा किलोमीटरवर माझ्या आत्याचं घर आहे. दुपारची भांडी घासून पालथी घातली की ती ओटीवर येऊन बसते, फोन कानाला न लावता तोंडासमोर आडवा धरते आणि माइकचं चिन्ह अंगठ्याने दाबून बोलायला लागते. "जेवलास काय रे? काल रात्रभर पाऊस होता. मागच्या पडवीत पाणी आलं." अंगठा उचलते. आवाज शारजाला जातो. आतेभाऊ तिथे एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. एका घरचं काम संपवून दुसऱ्या घरी जाताना, कंपनीच्या गाडीत मागे बसून तो ते ऐकतो आणि आपलं उत्तर रेकॉर्ड करून पाठवतो. ते येईपर्यंत आत्या ओटीवरून हलत नाही. पाणी कितपत आलं, एवढं विचारायला आणि त्याचं उत्तर मिळायला कधी कधी तास जातो.

व्हॉट्सॲपवर त्या देशात लिहिलेलं जातं, फोटो जातात, असा भरून पाठवलेला आवाजही जातो. थेट कॉल लागत नाही. रिंग वाजते, फोन उचलला की 'कनेक्टिंग' अशी अक्षरं उमटतात आणि तशीच राहतात. सुरुवातीला आत्याला वाटायचं, आपल्याकडची रेंज गेली. ती फोन घेऊन परसात फणसाखाली जाऊन उभी राहायची.

रेंज जागेवरच होती. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून आवाजी कॉलची सेवा देण्याचा हक्क परवानाधारक दूरसंचार कंपन्यांना आहे आणि बाकीच्यांना त्यांच्यामार्फतच यावं लागतं. मान्यता मिळालेली मोजकी ॲप चालतात. आतेभावाने त्यातलं एक काही महिने वापरून पाहिलं, महिन्याला ५० दिरहॅमचं पॅकेज घेऊन. मग पडवीच्या पत्र्यांचा खर्च निघाला आणि ते पैसे तिकडे वळले. कोकणात, गोव्यात अशी घरं गावोगाव आहेत.

आपल्याकडे तसं नाही, आणि तसं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे. इंटरनेटवरून होणाऱ्या फोनला सरकारने परवान्याच्या कक्षेत आणावं का, हा प्रश्न भारतात गेली दहा वर्षं पुन्हा पुन्हा वर येतो. माझं मत आधीच सांगतो. जी सेवा तुम्हाला फोन नंबर देते, किंवा सार्वजनिक टेलिफोनच्या जाळ्यात, म्हणजे साध्या लँडलाइन-मोबाइलवर, कॉल सोडते, तिच्यावर टेलिफोनची सगळी बंधनं असावीत, आणि ती आजच्यापेक्षा कडक असावीत. दोन माणसं एकाच ॲपवर आपसांत बोलत असतील तर त्या बोलण्याला सरकारी परवान्याचं कारण नाही.

यामागे इतिहास आहे. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट विकायची मुभा मिळाली, पण त्यावरून टेलिफोन करू द्यायचा नाही, अशी अट घालूनच. त्या काळी परदेशी बोलणं म्हणजे आयएसडी आणि आयएसडी म्हणजे विदेश संचार निगम. बूथवरच्या काळ्या खोक्यात लाल आकडे पळत असायचे आणि बोलणाऱ्याचं निम्मं लक्ष त्या आकड्यांवर असायचं. निगमची आंतरराष्ट्रीय कॉलवरची मक्तेदारी १ एप्रिल २००२ रोजी संपली. इंटरनेट टेलिफोनीवरची बंदीही त्याच दिवशी सैल झाली. मक्तेदारी गेल्याबरोबर बंदीची गरज संपली, यावरून ती कशासाठी होती ते कळतं.

मिळालेली मोकळीकही अर्धीच होती. पुण्यातल्या सायबर कॅफेतून अमेरिकेतल्या भावाच्या घरच्या फोनवर बोलता येई. त्याच खुर्चीवरून साताऱ्याच्या घरचा फोन लावायला मात्र मनाई होती. इंटरनेटवरून देशातल्या कोणत्याही फोनवर कॉल करायची वाट दूरसंचार विभागाने मोकळी केली ती १९ जून २०१८ रोजी, तीसुद्धा परवानाधारक कंपन्यांपुरती. बीएसएनएलची 'विंग्ज' सेवा त्यानंतर लगेच आली. मधे १६ वर्षं गेली. त्या १६ वर्षांत या बंदीने कोणाचं भलं झालं, याचा हिशेब कुणी मांडल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

दूरसंचार कंपन्यांचा युक्तिवाद 'समान सेवा, समान नियम' असा आहे. ऐकायला न्याय्य वाटतो. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळा दर जाहीर केला आणि लोकांनी आरडाओरडा केल्यावर काही दिवसांतच मागे घेतला. मार्च २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, अशा ॲपना नियम लावावेत का यावर मतं मागवली, तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने इंटरनेटवर काय पाहता किंवा वापरता यावरून वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. नियामकाने लोकांचं ऐकल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

तरी त्या युक्तिवादाला उत्तर द्यायला हवं. कंपन्या म्हणतात, आम्ही स्पेक्ट्रमला, म्हणजे मोबाइलच्या लहरींना, पैसे मोजतो, महसुलाच्या ८ टक्के परवाना शुल्क भरतो, पोलिसांना टॅपिंगची सोय करून देतो. ॲपवाले फुकटात तोच धंदा करतात. पण तो धंदा एकच आहे का? दूरसंचार कंपनीला स्पेक्ट्रम मिळतो. नंबरांच्या मालिका मिळतात. इतर कंपन्यांच्या जाळ्याशी जोडून घेण्याचा हक्क मिळतो, रस्ता खोदून केबल टाकण्याचाही. ॲपला यातलं काही मिळत नाही. ते ज्या वाटेने जातं त्या वाटेचे पैसे ग्राहकाने डेटापॅकच्या रूपात आधीच भरलेले असतात. ८ टक्के जास्त वाटत असतील तर ते कमी करायची मागणी करावी, मी तिला पाठिंबा देईन. स्वतःच्या पायातली बेडी दुसऱ्याच्याही पायात घाला, ही मागणी मला पटत नाही.

शिवाय ज्या नुकसानीचं गाऱ्हाणं होतं ते आता उरलेलंच नाही. जिओ २०१६ च्या सप्टेंबरात आलं ते निव्वळ ४जी घेऊन. त्यावरचा साधा कॉलसुद्धा आवाजाचे तुकडे करून, इंटरनेटच्याच रीतीने जातो. पूर्वी दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला तर मिनिटाला १४ पैसे त्या कंपनीला द्यावे लागत. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याचे ६ पैसे झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून ते शून्यावर आले. आज बहुतेक रिचार्जमध्ये कॉल अमर्याद असतात आणि दर ठरतो तो मुख्यतः डेटावर. आवाज मिनिटावर विकायचे दिवस कंपन्यांनीच संपवले. ट्रायनेही सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं की अशा ॲपसाठी वेगळी नियामक चौकट आणायची ही वेळ नाही.

मग २०२२ च्या सप्टेंबरात नव्या दूरसंचार विधेयकाचा मसुदा आला आणि त्यात ही ॲप नाव घेऊन घातलेली होती. टीका झाली, नाव निघालं. डिसेंबर २०२३ मध्ये, दोन्ही सभागृहांतले मिळून विरोधी पक्षांचे १४० हून जास्त खासदार निलंबित असताना, विधेयक मंजूर झालं. १८८५ च्या तार कायद्याची जागा घेणारा हा कायदा. त्यात ॲपचं नाव नाही, पण व्याख्या वाचाव्यात. संदेश म्हणजे खूण, मजकूर, चित्र, आवाज, दृश्य, माहितीचा प्रवाह, सगळं काही. दूरसंचार म्हणजे अशा संदेशांची कोणत्याही तारेने, लहरींनी वा प्रकाशकिरणांनी झालेली ने-आण. या व्याख्येत आत्याचा चाळीस सेकंदांचा निरोपही बसतो. ही ॲप या कायद्याखाली येत नाहीत, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आहेत, असं तेव्हाच्या दूरसंचार मंत्र्यांनी सांगितलं. मंत्र्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवायचं कारण नाही, पण मंत्री बदलतात आणि न्यायालय वाचतं ते कायद्याचं पान. याच कायद्याचं २० वं कलम सार्वजनिक सुरक्षेच्या कारणाने संदेश अडवायचा आणि तो समजेल अशा रूपात मागायचा अधिकार सरकारला देतं.

सुरक्षेचा मुद्दा मी हलका मानत नाही. मुंबईशी नातं असलेल्या कुणालाच तो हलका मानता येणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधले हल्लेखोर पाकिस्तानातल्या आपल्या सूत्रधारांशी सतत फोनवर होते. सूत्रधारांचे कॉल इंटरनेट टेलिफोनीवरून येत होते. न्यू जर्सीतल्या कॉलफोनेक्स नावाच्या कंपनीत त्यासाठी खोट्या ओळखीने खातं उघडलं होतं. हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतल्या ब्रेशिया शहरातून त्या खात्यात पैसे भरले गेले. पोलिसांना ते संभाषण ऐकता आलं, कारण हल्लेखोरांच्या हातातले फोन इथल्या साध्या मोबाइल जाळ्यावर चालत होते.

या प्रकरणातून मी जे शिकलो ते माझ्या मताच्या बाजूचं आहे. भोक होतं ते नंबर विकणाऱ्या आणि कॉल टेलिफोनच्या जाळ्यात सोडणाऱ्या कंपनीच्या दारात. ग्राहक खरा कोण, हे त्या दारात पकडलं गेलं नाही. नेमक्या अशाच सेवांना ओळख तपासायची, नोंदी ठेवायची आणि न्याय्य कारणासाठी पोलिसांना सहकार्य करायची सक्ती हवी.

यावर कुणी म्हणेल, आज तेच लोक एखादं कुलूपबंद ॲप वापरतील आणि पोलिसांना काही ऐकू येणार नाही. हे खरं आहे, आणि त्याची किंमत आहे हेही खरं आहे. पण परवाना घ्यायला लावल्याने ते कुलूप उघडत नाही. या कुलपाची किल्ली बोलणाऱ्या दोघांच्या फोनांतच असते, कंपनीकडेही नसते. एकासाठी ते काढायचं तर सगळ्यांसाठी काढावं लागतं. तसं कुलूप बनवायची कृती जगभर उघडी पडलेली आहे. ज्याला माणसं मारायची आहेत तो आपलं स्वतःचं ॲप बनवून घेईल. उघडे पडतील ते वकील आणि त्यांचे अशील, डॉक्टर आणि त्यांचे रुग्ण, वरिष्ठाविरुद्ध तक्रार करू पाहणारी एखादी शिक्षिका.

आणि आज घरोघरी ज्याची भीती आहे तो 'डिजिटल अरेस्ट'. पोलीस असल्याची बतावणी करून ठग सांगतात, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, व्हिडिओ कॉलवरून हलू नका, पैसे सरकारी खात्यात भरा. निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी अशी दोन दिवसांत गेली आहे. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२ हजार ८०० कोटींहून जास्त रुपये गेले. पण जरा नीट पाहिलं तर यात पोलिसांना संभाषण ऐकू आलं नाही, ही अडचण नसतेच. फसलेला माणूस त्यातला शब्दन्‌शब्द सांगायला तयार असतो. अडचण असते ती भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांची. खोट्या कागदांवर गठ्ठ्याने विकलेल्या सिमची. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार होईपर्यंत पाच-सहा खाती ओलांडून गेलेल्या पैशांची.

सरकारला नीट जमलेलं एक कामही इथे सांगायला हवं. परदेशातून येणारा कॉल +९१ असा भारतीय नंबर दाखवत येतो, ही या ठगांची जुनी युक्ती. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी असे कॉल देशाच्या वेशीवरच ओळखून अडवणारी यंत्रणा सुरू झाली आणि पहिल्या २४ तासांत १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. कुणाच्या ॲपला हात लावावा लागला नाही, कुणाचं बोलणं ऐकावं लागलं नाही. खोटा नंबर पकडला, बस्स. मी म्हणतो त्या नियमनाचा यापेक्षा चांगला नमुना नाही.

त्यानंतर वर्षभराने, २८ नोव्हेंबर २०२५ रोजी, दूरसंचार विभागाने वेगळी वाट धरली. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल, अरट्टई अशा ॲपना सांगितलं, ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम त्या फोनमध्ये असेल तरच ॲप चाललं पाहिजे. ९० दिवसांत व्यवस्था करा. संगणकावर उघडलेलं खातं जास्तीत जास्त सहा तासांनी बंद करून पुन्हा जोडायला लावा. हेतू चांगला आहे. भारतात घेतलेल्या नंबरावर खातं उघडून, सिम फेकून देऊन, सीमेपलीकडून ते वापरणारे ठग आहेत, हे विभागाचं म्हणणं बरोबर आहे.

पण आतेभावाचं काय? त्याला कंपनीने दिलेला फोन एका सिमचा आहे आणि त्यात तिथलं सिम आहे. व्हॉट्सॲप अजून जुन्या भारतीय नंबरावर आहे, कारण आत्याला, वाडीतल्या सगळ्यांना, सोसायटीच्या सचिवाला तोच नंबर ठाऊक आहे. ते सिम आत्याच्या देव्हाऱ्याखालच्या खणात, औषधाच्या छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे. बँकेचा ओटीपी येणार असेल तेव्हा शेजारचा मुलगा ते आपल्या फोनात घालून आकडे वाचून दाखवतो. नियम शब्दशः लागू झाला तर त्याचं खातं बंद पडेल. उरलंसुरलं तुकड्यातुकड्यांचं बोलणंही जाईल. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बोटीवर जाणारे खलाशी सात-आठ महिने समुद्रात असतात, बंदर येईल तिथलं सिम घालतात. त्यांचंही तेच.

चिपळूणला आमच्या ओळखीच्यांचं औषधांचं दुकान आहे. आजूबाजूच्या गावांतली माणसं डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवतात, दुकानातल्या संगणकावर तो उघडतो, पोरगा औषधं काढून पुडकं बांधतो आणि दुपारच्या एसटीत वाहकाकडे देतो. फोन मालकाच्या खिशात. मालक दुपारी जेवायला घरी जातात, कधी माल आणायला कोल्हापूरला. सहा तास झाले आणि संगणकावरचं खातं बंद पडलं तर पोराने काय करायचं? चिठ्ठ्या येत राहतील, दिसणार नाहीत. हा नियम करताना अशा दुकानदाराला कुणी विचारलं होतं का? २०१५ मध्ये ट्रायने प्रश्न मांडले, महिना दिला, उत्तरं वाचली. या वेळी थेट निर्देश निघाले.

ठगांसाठी याहून नेमका उपाय आहे. नंबर बंद झाला किंवा दुसऱ्याच्या नावावर गेला की दूरसंचार कंपनीने ते ॲपला कळवावं आणि ॲपने खातं पुन्हा तपासावं. जिवंत, रिचार्ज असलेला, खऱ्या माणसाच्या नावावरचा नंबर खणात आहे की फोनात, याने फसवणुकीत फरक पडत नाही. आणि पोत्याने सिम विकणाऱ्यावर खटला चालवावा, तो निकाली निघेपर्यंत पाठपुरावा करावा. ते काम कंटाळवाणं आहे, पण तिथूनच सुरुवात व्हायला हवी.

जिथे बंधन हवं तिथे आपण ढिले आहोत, हेही सांगतो. २००५ च्या सुरुवातीला अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये एका घरात दरोडेखोर शिरले, आईवडिलांना गोळ्या लागल्या आणि मुलीने ९११ हा आपत्कालीन नंबर लावला तर तो लागेना, कारण घरचा फोन इंटरनेटवरचा होता. त्याच वर्षी तिथल्या नियामकाने सक्ती केली: जी सेवा सार्वजनिक टेलिफोनवरून कॉल घेते आणि त्यावर कॉल करू देते, तिने ९११ ची सोय केलीच पाहिजे. आपापसांत बोलायच्या ॲपना हात लावला नाही. रेघ कुठे ओढायची ते त्यांनी वीस वर्षांपूर्वी बरोबर ठरवलं. आपल्या ट्रायने २०१७ च्या शिफारशींत नंबर देणाऱ्या इंटरनेट टेलिफोनी सेवांनाही आपत्कालीन कॉलची सक्ती नको, ग्राहकाला मर्यादा सांगितल्या की पुरे, असं म्हटलं. मला हे पटत नाही. नंबर देता ना, मग त्यावरून आपला आपत्कालीन ११२ लागलाच पाहिजे, आणि माणूस कुठे आहे तेही कळलं पाहिजे.

लेबनॉनमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारने व्हॉट्सॲप कॉलवर दिवसाला २० सेंट कर जाहीर केला. काही तासांत मागे घेतला, पण लोक रस्त्यावर उतरले ते घरी गेले नाहीत आणि महिनाअखेरीस पंतप्रधानांनी राजीनाम्याची घोषणा केली. राग अनेक गोष्टींचा साठलेला होता. तो त्या २० सेंटांवर फुटला, कारण परदेशात गेलेल्या माणसाशी घरच्यांनी बोलणं ही त्या देशात चैन नव्हती. आमच्याकडेही नाही.

म्हणून माझी मागणी संसदेकडे आहे. मंत्र्यांनी २०२३ मध्ये तोंडी सांगितलं तेच कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहा: सार्वजनिक टेलिफोनच्या जाळ्याशी न जोडलेल्या आणि नंबर न देणाऱ्या सेवेला या कायद्याखाली परवान्याची गरज नाही. एवढी एका ओळीची दुरुस्ती. आणि सिमचे निर्देश लोकांसमोर ठेवा, महिनाभर मतं मागवा. आत्याचं मत मी लिहून पाठवीन. ती सांगेल तसंच, तिच्या शब्दांत.